पहिल्या पायरीवरचा नाच

मी एक जुनी शिडी आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटल्याबरोबर हळहळू नका. अंगावर कोळिष्टके मिरवत, गेल्या दिवसांची रडगाणी गात कोपऱ्यात पडून राहणाऱ्यांतली मी नव्हे. आज सकाळीच एका दवाखान्याच्या छताचा पंखा उतरवून आले आहे आणि आता गाडीतल्या माझ्या जागी उभी राहून तुमच्याशी बोलते आहे. माझ्या शेजारी एक घडीची खुर्ची आहे. तिच्या एका हाताला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. माझी गोष्ट या खुर्चीवाचून सांगताच येत नाही, म्हणून तिची ओळख आधी करून दिली.

माझा जन्म कारखान्यातला. अंग अ‍ॅल्युमिनियमचे. माझे पाय म्हणजे एकात एक शिरणाऱ्या नळ्या. ओढले की मी वाढत जाते आणि प्रत्येक पायरी जागेवर पोचली की तिच्या दोन्ही टोकांचे खटके बसतात, खट, खट. मिटवले की मी माझ्याच पोटात शिरते आणि एखाद्या सुटकेसएवढी होते. माथ्याला बिजागरी असल्यामुळे मी भिंतीला टेकूनही उभी राहते आणि पाय फाकून, कोणाच्याही आधाराशिवाय, घोडीसारखीही. शिवाय माझा एक पाय लांब आणि दुसरा आखूड ठेवला तरी माझे काही बिघडत नाही. हा शेवटचा गुण मला स्वतःलाही बरीच वर्षे किरकोळ वाटत होता.

कारखान्यात माझी परीक्षा घेणारी एक बाई होती. तिने माझ्यावर वाळूची पोती लादली, मला हलवले, आपटले, पुन्हा पुन्हा उघडून मिटवले. मग मला कान लावून एकेका पायरीचा खटका ऐकला आणि म्हणाली, "आवाज स्वच्छ आहे. जाऊ दे हिला." आयुष्यातले हे माझे पहिले कौतुक. ते मी अजून जपून ठेवले आहे.

दुकानात मात्र मला कोणी विचारीना. लांब शिड्या दाराशी ऐटीत उभ्या असत आणि मला आतल्या फळीवर, बादल्यांच्या शेजारी जागा मिळाली होती. गिऱ्हाईक यायचे, माझ्याकडे बघून "ही लहान मुलांची का?" म्हणायचे आणि पुढे जायचे. दुकानदार प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचा, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान." मूर्ती तर सगळ्यांना दिसत होती. कीर्तीचा पत्ता नव्हता.

मग एके दिवशी दुकानात बापलेक आले. लेकीला सगळे ताई म्हणत. दिवे, पंखे, तारा, मेन स्विच, असली सगळी कामे ती करायची. हा धंदा मूळ बाबांचा. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी हत्यारे ताईच्या हाती दिली, पण धंदा काही सोडला नाही. गाडीच्या मागच्या भागात त्यांची घडीची खुर्ची असायची. काम असेल तिथे ताईने मागचे दार उघडायचे आणि बाबांनी खुर्चीत बसून ओरडायचे, "आधी मेन बंद! उजवीकडची तार! उजवीकडची म्हणजे तुझ्या नव्हे, माझ्या उजवीकडची!" उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय ते बघायचे असेल तर लोकांनी या गाडीपाशी यावे. पण ताईचे त्याशिवाय चालायचे नाही.

गाडीच्या टपावर तेव्हा एक भलीमोठी लाकडी शिडी बांधलेली असे. तिचे नाव थोरली. बाबांच्या तरुणपणापासून ती त्यांच्यासोबत होती. उन्हाने तिचा रंग उडाला होता, पावसाने एक पायरी फुगली होती, तरी बाबा रोज तिच्या दोऱ्या स्वतः तपासायचे.

या घरात एक रीत होती. शिडी कुठेही लावली की चढण्याआधी तिच्या पहिल्या पायरीवर दोन्ही पायांनी उभे राहायचे आणि जागच्या जागी दणादण नाचायचे. शिडी सरकायची असेल, खचायची असेल, मोडायची असेल तर तिने ते वीतभर उंचीवर करावे, वर गेल्यावर नको. भल्याभल्यांच्या दिवाणखान्यांत या बापलेकीने असा नाच केला होता. लोक तोंडाला रुमाल लावून हसायचे. बाबा शांतपणे म्हणायचे, "वर जाऊन रडण्यापेक्षा खाली नाचलेलं बरं."

तर असे हे बाबा नवी शिडी बघायला आले, त्याला कारणही त्यांनीच दिलेले होते. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात काम होते. गाडी आत घ्यायची तर प्रवेशावर तुळई आडवी. बाबांनी खाली उतरून आपल्या पट्टीने गाडीची उंची मोजली, तुळईची मोजली आणि हात हलवून सांगितले, "ये, ये, भरपूर जागा आहे!" ताईने गाडी आत घातली आणि कडाडकन आवाज झाला. टपावरची थोरली त्यांनी मोजलीच नव्हती. ताईने विचारले तेव्हा बाबा गोंधळून म्हणाले, "अगं, थोरली म्हणजे घरचं माणूस. घरच्या माणसाला कोण मोजतं?"

थोरली मोडली नाही, पण एका बाजूला तडा गेला. गाडीचा टप चेपला. तुळईखाली अडकलेली गाडी मागे काढेपर्यंत मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा वाद्यवृंदच सुरू केला होता. ते कामही हातचे गेले, आणि त्या दिवशी ताईने ठरवले की आता शिडी गाडीच्या आत राहणारी हवी.

हे सगळे ताई दुकानदाराला सांगत असताना मी ऐकले. ताई हसत सांगत होती, बाबा छताकडे बघत होते. "आत मावणारी शिडी," ते म्हणाले, "म्हणजे खिशात मावणारी छत्री. पाऊस येईपर्यंत छान." एवढे बोलून ते थोरलीच्या दोऱ्या बघायला बाहेर गेले.

मग ताईने पिशवीतून सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला एका ठिकाणी गाठ मारलेली होती. एक टोक माझ्या एका कडेला धरून तिने सुतळी माझ्या रुंदीवर ताणली. गाठीच्या अलीकडेच मी संपले. ताईचा चेहरा एकदम खुलला.

"ताई, याच जातीतली थोडी मोठी घ्या की," दुकानदार म्हणाला. "चार बोटंच जास्त रुंद आहे, पण दोन पायऱ्या जास्त मिळतील."

"नको. चार बोटं म्हणजे खुर्ची बाहेर जाईल," ताई म्हणाली. "बाबांची खुर्ची गाडीत ठेवूनच मी माप घेतलंय. तिच्यानंतर उरलेल्या जागेत बसेल तीच शिडी माझी."

मित्रांनो, लक्षात आले ना? मला लहान म्हणून सगळ्यांनी नाकारले होते आणि ताईने मला लहान म्हणूनच निवडले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! पण हे शब्द बाबांच्या कानावर पडले नाहीत. ते बाहेर दोऱ्यांच्या गाठी आवळत होते आणि पुढचे सगळे रामायण तिथून घडले.

ताईने मला उघडले, कान देऊन खटके ऐकले आणि भर दुकानात माझ्या पहिल्या पायरीवर नाचली. बादल्या खळखळल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइके तोंडात बोट घालून बघत राहिली. बाबा आत आले तेव्हा दुकानदाराने आदबीने म्हटले, "बाबा, तुम्हीही नाचून बघा."

बाबांनी मला नखशिखांत न्याहाळले. त्याला वेळ लागला नाही, कारण ताईने मला तोवर मिटवले होते. "नाचतात ते शिडीवर," ते म्हणाले. "डबीवर नाही."

झाले. माझे नाव डबी पडले.

गाडी धुवायची म्हणून त्या सकाळी ताईने सगळे सामान अंगणात काढून ठेवले होते. त्यात खुर्चीही होती. आम्ही घरी पोचलो. ताईने पहिल्यांदा मला गाडीत उभे केले. बाबा बघत होते. खुर्ची अंगणात आणि डबी गाडीत. त्यांनी दोन आणि दोन पाच केले आणि तडक घरात गेले. संध्याकाळी ताईने खुर्ची पुन्हा तिच्या जागी, माझ्या शेजारी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात आले तर खुर्ची तिथे नव्हती आणि नेमका भंगारवाल्याचा आवाज गल्लीच्या टोकाला विरत होता. मग तर काय, त्यांची खात्रीच पटली.

"आजपासून तू एकटीच जा," ते ताईला म्हणाले. "माझे गुडघे दुखतात."

ताईला वाटले, थोरलीला उतरवून भिंतीवर टांगले म्हणून बाबा रुसले. बाबांना वाटले, आपल्याला उतरवून भंगारात काढले. दोघांपैकी एकानेही तोंड उघडले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण दोघेही एकाच मुशीतले. तारेतला बिघाड लगेच शोधतील, मनातला विचारणार नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे बाबांचे झाले. खुर्ची त्यांच्याच गाडीत, हातभर अंतरावर होती आणि ते त्या गाडीकडे पाठ करून अंगणात बसू लागले. वर म्हणायचे, "टपावर शिडी नाही ती गाडी कसली? भाजी विकायला न्या ती."

माझे दिवस मात्र भरभराटीचे होते. थोरलीला ज्या दारातून आत जाता आले नसते त्या दारांतून मी ताईच्या एका हातात लटकून गेले. औषधाच्या दुकानात दोन फळ्यांच्या मधल्या बोळकांडीत उभी राहिले. दंतवैद्याच्या खुर्चीला धक्का न लावता तिच्या डोक्यावरचा दिवा बदलला. एका उंच इमारतीत तर मी चक्क लिफ्टने वर गेले. शिडीने लिफ्टने जावे, यासारखी चैन नाही! पावसात टपावर भिजणे नाही, दोऱ्या बांधणे नाही, रस्त्यात कोणी चोरून नेईल ही धास्ती नाही. "तुमची शिडी कुठे आहे?" असे लोक दारातच विचारायचे, ताई मला खाली ठेवायची, खट-खट करत मी वाढत जायचे आणि लोकांच्या भुवयाही माझ्याबरोबर वर जायच्या.

तरी एक गोष्ट मला टोचायची. वर चढलेली ताई कधीकधी सवयीने हाक मारायची, "बाबा, मेन बंद आहे ना?" उत्तर यायचे नाही. मग ती खाली उतरायची, स्वतः मेन तपासून यायची आणि पुन्हा चढायची. गाडीने वळण घेतले की रिकामी खुर्ची माझ्या अंगावर टेकायची. मला तिचा फार कळवळा यायचा.

माझ्याही वाट्याला वाईट दिवस आले. एका ओळखीच्या रंगाऱ्याने मला मागून नेले. माणूस गोड, हात मात्र ढिसाळ. रंग माझ्या नळ्यांवरून ओघळला, त्याने पुसला नाही आणि मला तशीच मिटवून परत दिली. रंग वाळला आणि मी आखडले. एक खटका बसेना, दुसरा सुटेना. ताईने ओढून बघितले, मग कामाच्या घाईत मला अंगणात ठेवून ती आहे त्या स्टुलावर कामे भागवू लागली. आज नीट करते, उद्या नीट करते, असे करत मी तिथेच राहिले. वर भिंतीवर थोरली, खाली मी. धूळ दोघींवर सारखीच बसत होती. माणसांच्या जगात ज्याची गरज रोज असते त्याचीच काळजी उद्यावर ढकलली जाते, हे मी तिथे शिकले.

एका दुपारी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. हातात फडके, लाकडाची बोथट पट्टी आणि कोमट पाण्याचे भांडे. ताईच्या आईने खिडकीतून विचारले, "डबीची सेवा चाललीय वाटतं?" बाबा गुरकावले, "सेवा कसली! घाणेरडं हत्यार मला बघवत नाही." आणि ते कामाला लागले. ओरखडा उठू न देता त्यांनी वाळलेला रंग कणाकणाने काढला. तेल लावले नाही, तेलाला धूळ चिकटते हे त्यांना ठाऊक होते. कोरड्या फडक्याने एकेक नळी पुसली आणि पुसता पुसता ते माझ्याशी बोलू लागले.

"तुझी काय चूक," ते म्हणाले. "तुला जागा हवी होती, माझी दिली. खुर्ची भंगारात घातली आणि तुला बसवलं. ठीक आहे. गुडघे गेलेल्या माणसाने जागा अडवू नये. पण एका शब्दाने विचारायचं तरी मला."

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर! मी ओरडून सांगितले असते, 'बाबा, चार पावलांवर गाडी आहे, दार उघडून बघा!' पण शिडीला बोलता येत नाही, तिला फक्त खटके वाजवता येतात. बाबांनी मला हळूहळू उघडले. पायरीमागून पायरी सुटत गेली आणि मी खणखणीत वाजले. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. चांगले काम कानाने ओळखणारे ते हाडाचे कारागीर. त्यांनी माझ्या पहिल्या पायरीवर तळहात ठेवून दाबून पाहिले. पाय मात्र ठेवला नाही. मला मिटवून ते आत गेले. संध्याकाळी ताईने मला उचलले आणि मी नीट झाल्याचे पाहून ती कितीतरी वेळ घराच्या दाराकडे बघत उभी राहिली. तरी विचारले नाहीच.

आणि मग तो दिवस आला.

गावातले जुने नाट्यगृह दुरुस्तीनंतर पुन्हा उघडायचे होते. संध्याकाळी पहिला प्रयोग, तिकिटे संपलेली. नाट्यगृहाच्या वळणाच्या जिन्यावर काचेचा एक मोठा गोल दिवा साखळीने टांगलेला होता. दुपारी सुरक्षा तपासनीस आले आणि त्यांनी बोट वर केले. दिव्याचा आकडा झिजून उघडत चालला होता. "हा दिवा पक्का होईपर्यंत या जिन्यावरून एकही माणूस जाणार नाही," ते म्हणाले. जिना तर एकच. बड्या ठेकेदाराची माणसे लांब शिडी घेऊन आली, पण ती वळणावर फिरेना. बांबूची परांची बांधायची तर दोन दिवस हवेत. व्यवस्थापक बाईंनी घाबरून आपल्या जुन्या, नेहमीच्या माणसाला, म्हणजे बाबांना, घरी फोन केला.

बाबांना जणू बारा हत्तींचे बळ आले. त्यांनी थोरलीला भिंतीवरून उतरवले, शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारली आणि तिला टेम्पोवर बांधून निघाले. ताईला गाठायचे सुचले ते आईला. आम्ही एका बेकरीत काम करत होतो. फोनवर आई घाईघाईने म्हणाली, "तुझे बाबा थोरलीला घेऊन नाट्यगृहात गेलेत गं. तिला तडा गेलाय, आणि ते तिच्यावर चढल्याशिवाय राहणार नाहीत. तू धाव."

ताईने मला मिटवले आणि गाडी अशी हाणली की खुर्ची आणि मी एकमेकींना धरून उभ्या राहिलो.

नाट्यगृहात पोचलो तेव्हा थोरली जिन्याच्या वळणावर अडकली होती. तिचे एक टोक कठड्यात, दुसरे भिंतीत. ना वर जाईना, ना खाली येईना. तळघराच्या तुळईसारखेच झाले होते. बाबांनी जिना मोजला होता, वळण मोजले होते, थोरलीला मोजायचे या वेळीही राहून गेले होते. ठेकेदाराची माणसे बाजूला उभी राहून खुसखुसत होती. एक जण म्हणाला, "आजोबा, आता जिना कापायचा की शिडी?" बाबा घामाघूम होऊन थोरलीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांचा लालबुंद झालेला चेहरा बघून मला फार वाईट वाटले.

ताई पुढे झाली. मला एका हातात घेऊन ती थोरलीच्या खालून वाकून गेली आणि दिव्याच्या बरोबर खाली थांबली. जिन्यावर सपाट जागा कुठे असते? तिने माझा एक पाय खूप लांब केला आणि तो खालच्या पायऱ्यांवर टेकवला. दुसरा आखूड ठेवून वरच्या पायऱ्यांवर टेकवला. खट, खट, खट, खट. सगळा जिना माझ्या आवाजाने भरून गेला आणि खुसखुस थांबली. उतारावर मी अशी ताठ उभी राहिले, जशी सपाट फरशीवर राहीन. माझा तो किरकोळ गुण आज कामाला आला होता.

ताईने वर पाहिले, मग मागे वळून बाबांकडे.

"बाबा, दिवा जड आहे. मी आकडा बदलेन, पण पलीकडून कोणीतरी चढून काच धरायला हवी."

"ठेकेदाराचा माणूस घे," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "तरणेताठे आहेत."

"त्यांना नाचता येत नाही," ताई म्हणाली.

बाबांनी मान वर केली. ताईचे डोळे भरले होते, पण ती मागे हटणार नव्हती. बाबांनी थोरलीवरचे हात सोडले. एकेक पायरी चढत ते माझ्या आखूड बाजूला, वरच्या अंगाला आले. त्यांनी चपला काढल्या. त्यांचा तळवा माझ्या पहिल्या पायरीवर टेकला आणि मग दुसरा.

आणि मित्रांनो, बाबा नाचले! कठड्याला धरून, ओठ घट्ट मिटून, दणादण नाचले. समोरच्या बाजूला माझ्या पहिल्या पायरीवर ताई नाचली. ठेकेदाराचा एक माणूस फिसकन हसला, तर बाबा नाचता नाचताच म्हणाले, "हस बाबा. वर जाऊन रडण्यापेक्षा खाली नाचलेलं बरं." मी तसूभरही हलले नाही. एका जागी, एका आवाजात, दोघांचा नाच मी अंगावर घेतला. कारखान्यातल्या त्या बाईने मला तेव्हा बघायला हवे होते.

मग ताई हाक मारून म्हणाली, "बाबा, मेन बंद आहे ना?"

"आधीच बंद केलाय!" बाबा गरजले. "मी काय इथे हवा खायला आलोय?"

दोघे दोन बाजूंनी चढले. बाबांनी काचेचा गोल दोन्ही हातांनी कुशीत घ्यावा तसा धरला. ताईने झिजलेला आकडा काढला, नवा बसवला, साखळी ओवली, नट आवळला. "अजून अर्धा फेरा," बाबा म्हणाले. ताईने अर्धा फेरा आवळला. खाली उतरून बाबांनी मेन चालू केला आणि दिवा लागला. सगळा जिना सोनेरी झाला. तपासनिसांनी साखळी दोरीने ओढून पाहिली, दोनदा पाहिली आणि मान डोलावली. व्यवस्थापक बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग नटांनी, मग ठेकेदाराच्या माणसांनीसुद्धा. त्याच माणसांनी थोरलीला तिरकी करून, अलगद सोडवून बाहेर आणले. गुडघ्यांची आठवण त्या संध्याकाळी कोणालाच झाली नाही, खुद्द गुडघ्यांनाही नाही.

थोरली टेम्पोवर चढली. बाबाही टेम्पोकडे निघाले तेव्हा ताईने गाडीचे मागचे दार उघडले. "तिकडे कुठे? बसा ना."

"कशावर बसू?" बाबा वळून म्हणाले आणि तिथेच थबकले. खुर्ची तिच्या जागी होती. हाताला काळी पट्टी, पाठीवर त्यांचाच जुना टॉवेल. ताईने मला खुर्ची आणि सामानाची फळी यांच्यामधल्या फटीत सरकवले. मी तिथे अशी नेमकी बसले की मध्ये बोट घालायलाही जागा उरली नाही. फळीच्या खिळ्याला ती गाठीची सुतळी लटकत होती. बाबांनी ती हातात घेतली, खुर्चीपासून फळीपर्यंत ताणली. गाठ बरोबर फळीवर आली.

"माप घेताना खुर्ची आत होती?" त्यांनी विचारले.

"आधी तुम्हालाच मोजलं, बाबा," ताई म्हणाली. "उरलेल्या जागेत शिडी शोधली."

बाबा खुर्चीत बसले. मग त्यांनी माझ्या पायरीवर दोनदा थोपटले आणि म्हणाले, "चल गं धाकटे, घरी चल." त्या दिवसापासून मला डबी म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. थोरली अंगणात सन्मानाने निवृत्तीचे दिवस घालवते आहे, तिच्या पायऱ्यांवर आई कुंड्या ठेवते. बाबा आणखी म्हातारे झालेत, पण खुर्ची सोडत नाहीत. आज सकाळीही दवाखान्याच्या दारातून ओरडत होते, "माझ्या उजवीकडची!"

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कामाला लागाल, हत्यारे घ्याल. त्यांना पुसत जा, रंग लागला तर त्याच दिवशी काढा, माझ्यासारखीचे खटके दोन्ही बाजूंचे ऐकल्याशिवाय वर चढू नका, आणि चढण्याआधी पहिल्या पायरीवर नाचा, लोक हसले तरी. गाडीत मावेल अशी शिडी निवडायला गेलात तर सुतळी घेऊन जा. पण त्याआधी, मित्रांनो, गाडीत कोणाची खुर्ची आहे ते बघा, आणि घरच्या माणसाला पहिल्यांदा मोजा.